मुसफ्फातला बेसबॉलवाला

पॅट्रिक तुस्कानो मूळचा वसईजवळच्या भुईगावचा. १९८७ साली तो अबू धाबीजवळच्या मुसफ्फात, लोखंडी टाक्या आणि पाइप बनवणाऱ्या एका यार्डात टाइमकीपर म्हणून लागला. चारशे माणसं सकाळी किती वाजता आली, कुणी ओव्हरटाइम केला, कोण आजारी पडलं, हे लिहून ठेवायचं हे त्याचं काम. पण यार्डात त्याला सगळे ओळखायचे ते ‘बेसबॉलवाला’ म्हणून. बाकीची माणसं शारजाच्या क्रिकेटसाठी महिनाभर आधी रजेचे अर्ज टाकायची. हा मात्र कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराच्या एक्सपोज नावाच्या टीमसाठी जीव टाकायचा, आणि ती टीम त्या चारशे जणांपैकी एकानेही कधी पाहिली नव्हती.

हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं ट्रॅम्ब्ले नावाच्या इंजिनियरने. ट्रॅम्ब्ले १९८९ साली तीन वर्षांच्या करारावर यार्डात आला. त्याचा भाऊ दर महिन्याला मॉन्ट्रियलहून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठवायचा. ट्रॅम्ब्ले तो वाचून झाला की पॅट्रिकच्या टेबलावर टाकायचा, काही गुंडाळायला कामी येईल म्हणून. एकदा पॅट्रिकने खेळाचं पान उघडलं आणि त्यातला बारीक आकड्यांचा तक्ता तो बघतच राहिला. खेळाडूचं नाव, पुढे आकडे. किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला, किती वेळा मारलं, किती वेळा चुकला. त्याला ते आपल्या हजेरीपत्रकासारखंच वाटलं. फरक इतकाच, की हे हजेरीपत्रक लोक सकाळच्या चहाबरोबर आवडीने वाचत होते.

ट्रॅम्ब्लेने त्याला खेळ समजावून सांगितला. १९९२ साली परत जाताना चाळीस व्हिडिओ कॅसेटी देऊन गेला, आणि भावाला सांगून गेला की गठ्ठा आता पॅट्रिकच्या नावाने पाठव. त्या भल्या माणसाने पुढे कितीतरी वर्षं तो पाठवला.

खरं म्हणजे पॅट्रिकला खेळापेक्षा जास्त गोडी होती खेळाडूंच्या अदलाबदलीची. तिकडे एक टीम दुसऱ्या टीमला आपला खेळाडू देते आणि बदल्यात त्यांचे दोन-तीन घेते. ह्याला ते ट्रेड म्हणतात. कुणी कुणाला दिला, कुणाचा करार किती वर्षांचा, कोण महागात पडला, ह्यावर पॅट्रिक तासन्‌तास बोलायचा. सकाळी दहाच्या चहाला टाइम ऑफिसच्या कंटेनरच्या सावलीत माणसं जमली, की ह्याचं सुरू.

“खेळाडू उतरणीला लागायच्या वर्षभर आधी देऊन टाकायचा,” तो सांगायचा. “लोक शिव्या घालतात. घालू देत. भावनेने टीम चालत नाही, आकड्याने चालते.”

ह्या सभेचा कायमचा श्रोता होता किसन घाग. संगमेश्वरकडचा, पॅट्रिकहून दहाएक वर्षांनी मोठा. क्रेनला माल बांधायचा आणि क्रेनवाल्याला हाताने इशारे द्यायचे, ह्या कामाला रिगर म्हणतात. किसन रिगरांचा फोरमन होता. वीस टनांची टाकी त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर चहाच्या कपासारखी अलगद खाली यायची. बेसबॉल त्याला शेवटपर्यंत कळला नाही. पण पॅट्रिक इतक्या कळकळीने बोलतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं समजून तो ऐकायचा आणि मधूनच एखादा प्रश्न टाकायचा.

१९९४ साली मॉन्ट्रियलची टीम सगळ्यांच्या पुढे होती. पॅट्रिक त्या उन्हाळ्यात हवेत होता. आणि ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला. मालक म्हणत होते पगारांना मर्यादा घालू, खेळाडू म्हणत होते चालणार नाही. उरलेला सगळा हंगाम बुडाला. पॅट्रिकने खेळाडूंना मनसोक्त शिव्या दिल्या. “लाखो डॉलर मिळतात, तरी पोट भरत नाही. मालकाने पैसे कुठून आणायचे?”

पुढच्या एप्रिलमध्ये संप मिटला आणि आठवडाभरात मॉन्ट्रियलच्या मालकांनी आपले चार मोठे खेळाडू जाऊ दिले. तिघांना ट्रेड केलं, चौथ्याला थांबवलंच नाही. दोन आठवड्यांनी गठ्ठा आला तेव्हा पॅट्रिक कंटेनरमध्ये दार लावून बसला. बाहेर आला तो मात्र मालकांची बाजू घेऊनच.

“वाईट वाटतं. पण बरोबर केलं. पगार झेपत नव्हते. आता नवी पोरं येतील.”

“त्या चौघांना विचारलं होतं का?” किसनने विचारलं.

“विचारायचं काय त्यात? करार टीमच्या हातात असतो. हां, एक नियम आहे. दहा वर्षं खेळलेला असेल आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये, तर त्याच्या होकाराशिवाय हलवता येत नाही.”

किसनने बोटांवर मोजलं. “मग मी बसतो की त्यात. मला इथेच बारावं चालू आहे.”

सगळे हसले. पॅट्रिकही हसला.

“आणि पगार?” किसनने पुन्हा विचारलं. “दुसरीकडे गेला की कमी करत असतील.”

“छे! करार माणसाबरोबर जातो. नव्या मालकाने एक डॉलरही कमी द्यायचा नाही. तिथे कायदा म्हणजे कायदा.”

१९९७ च्या नोव्हेंबरात टीमने आपला सगळ्यात तेज बॉलर बॉस्टनला देऊन टाकला. त्याच महिन्यात त्याला वर्षातला सर्वोत्तम म्हणून बक्षीस मिळालं होतं. तेव्हाही पॅट्रिक दोन दिवस नीट जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “वर्षभरात करार संपून फुकटच गेला असता. शहाणपणाचा सौदा आहे.” त्याची बायको अ‍ॅलिस एका क्लिनिकमध्ये नर्स होती. ती ताट उचलत म्हणाली, “तुला रडायला येतंय आणि तू टाळ्या वाजवतोयस. कोणाला दाखवतोस?”

१९९९ च्या सुरुवातीला तेलाचे भाव पार कोसळले होते. कामं आटली. यार्डात नवा एचआर मॅनेजर आला होता, शैलेंद्र देवस्थळी, पुण्याचा, पस्तिशीचा. त्याने पॅट्रिकला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

“पॅट्रिक, कॉन्फिडेन्शियल आहे. दुबईला रास अल खोरमध्ये एक पार्टी आहे, मोठं गोडाऊन, यार्ड वगैरे. त्यांना माणसं हवीत. आपण त्यांना चौतीस माणसं ट्रान्सफर करतोय. बदल्यात ते आपल्याला त्यांच्या दोन क्रेन वर्षभर वापरायला देतायत. यू सी? तुमच्या भाषेत, ट्रेड.” तो हसला. “तुमच्याइतकं ह्या लोकांचं रेकॉर्ड कुणाकडे नाही. मला चौतीस नावं द्या. कोण परवडतो, कोण नाही, आकड्यावर. नो इमोशन्स.”

पॅट्रिकला तेव्हा भीती वाटली नाही, हे त्याने पुढे कधी लपवलं नाही. त्याला आनंद झाला. दहा वर्षं दुसऱ्यांचे सौदे वाचण्यात गेली होती, आणि आता कुणीतरी त्याला खुर्चीत बसवून विचारत होतं, की तू काय करशील? दोन दिवस त्याने पाच वर्षांची हजेरी काढली. आजारपणाचे दिवस, ओव्हरटाइम, पगार, वय. तक्ता असा सुरेख झाला की त्याने तो दोनदा नव्याने लिहून काढला.

किसनचं नाव आकड्यांनीच वर आलं. रिगरांमध्ये सगळ्यात जास्त पगार. वय पन्नास पार. गेल्या वर्षी गुडघ्याने एकोणीस दिवस घरी. पॅट्रिकचं पेन तिथे थोडं थांबलं. मग त्याने स्वतःला समजावलं, की गोडाऊनचं काम हलकं असतं, गुडघ्याला बरंच आहे. आणि अकराव्या ओळीत त्याने ‘घाग किसन’ लिहिलं. त्याचा हात कुणी धरला नव्हता. ते नाव टाळलं असतं तर शैलेंद्रच्या लक्षातही आलं नसतं.

यादी बुधवारी लागली. गुरुवारी सकाळी किसन एक कागद घेऊन कंटेनरमध्ये आला. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. त्याच्या पाठीमागे दारात आणखी तिघे उभे होते.

“पॅट्रिकभाऊ, जरा वाचून सांगा. मंदूब म्हणतो यल्ला यल्ला, सही करा. काय आहे त्यात ते तर कळू द्या.” मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, तो बाहेर गाडी चालू ठेवून उभा होता.

पॅट्रिकने खुर्ची ओढून दिली आणि त्याच्या शेजारी बसून वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. आधीचा करार रद्द. नोकरी नव्याने सुरू. हुद्दा, मदतनीस. पगार साडेआठशे दिरहम.

“साडेआठशे?” किसन म्हणाला. “मला तेराशे आहेत. म्हणजे आपले पंधरा हजार. हे तर दहासुद्धा होत नाहीत.” त्याने कागदावर बोट ठेवलं. “आणि मदतनीस? मी रिगर आहे ना?”

“इथे मदतनीस लिहिलंय.”

“तेव्हा बारावं चालू म्हणालो होतो, ते आता सोळावं चालू आहे. तुमच्या त्या नियमाचं काय?” तो हे चेष्टेत म्हणाला नाही. तो खरोखरच विचारत होता, जणू पॅट्रिकला ठाऊक असलेला एखादा कायदा अजूनही निघेल.

“तो इथला नियम नाही, किसनराव.”

“सही नाही केली तर?”

“व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवतील. वर सहा महिन्यांचा बॅन, तोवर ह्या देशात पुन्हा नोकरी नाही.”

किसनने कागद पॅट्रिककडे सरकवला आणि म्हणाला, “तुम्ही सांगा. करू?”

“करा,” पॅट्रिक म्हणाला. “तिथे गेल्यावर बघू.”

किसनने सही केली. उठताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, “कुणी केली असेल हो ही यादी? आपल्याला ओळखणारा माणूस दिसत नाही.”

“ऑफिसने केली,” पॅट्रिक म्हणाला.

शनिवारी सकाळी बस निघून गेली.

घरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पण दोन-तीन दिवस तो क्लिपबोर्ड घेऊन गॅलरीत बसलेला असायचा आणि त्यावर काही लिहीत नसायचा. शेवटी दुपारच्या जेवणाला त्याने सगळं सांगून टाकलं. चौदा वर्षांची मरिसा समोर बसली होती. लहानपणापासून बापाबरोबर त्या कॅसेटी बघून तिलाही सगळे नियम पाठ होते.

“बट पप्पा,” ती म्हणाली, “द कॉन्ट्रॅक्ट गोज विथ द प्लेअर. यू ऑल्वेज सेड सो.”

“हो.”

“देन हिज डिडन्ट.”

“नाही.”

“देन इट वॉजन्ट अ ट्रेड, पप्पा.”

अ‍ॅलिसने घास ताटात तसाच ठेवला. “त्यांना माहीत आहे का, यादी तू केलीस ते?”

“नाही.”

“आणि तू कर म्हणालास म्हणून त्यांनी सही केली.”

“दुसरा काही रस्ताच नव्हता, अ‍ॅलिस. नाहीतर घरी गेले असते.”

“असेल. पण मग ते त्यांनी ठरवलं असतं, सगळं कळल्यावर. तुझ्यावर भरवसा ठेवून नाही.” ती उठली. “जाऊन सांग त्यांना.”

शुक्रवारी सकाळी चर्चमधला मिस्सा झाल्यावर पॅट्रिक अबू धाबीच्या बस स्टँडवरून शेअर टॅक्सीने दुबईला गेला. रास अल खोरच्या गोडाऊनांच्या रांगा सुट्टीमुळे बंद होत्या. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांत माणसं राहात होती. किसन बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होता. पॅट्रिकला बघून त्याला मनापासून आनंद झाला.

“अरे वा! बेसबॉलवाले! इतक्या लांब?” त्याने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली, कुणाला तरी हाक मारून चहा सांगितला. त्याचा एक पाय ताठ राहात होता. काम हलकं नव्हतं. दिवसभर ट्रकमधून गोण्या उतरवायच्या होत्या.

चहा येईपर्यंतही पॅट्रिक थांबू शकला नाही. “किसनराव, ती यादी मी केली. तुमचं नाव मीच लिहिलं.”

किसनने हातातला ओला शर्ट पिळला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. मग दुसरा शर्ट घेतला. पॅट्रिकला वाटलं त्याला ऐकूच आलं नाही.

“गुडघ्यामुळे?” किसनने शेवटी विचारलं.

“गुडघा, पगार, वय. सगळ्याचा हिशेब केला.”

“म्हणजे तसं काही चुकीचं नाही केलंत.” तो खरंच शांतपणे बोलत होता. “कुणीतरी करणारच होतं. दुसऱ्याने केली असती तरी कदाचित मीच आलो असतो. पण त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसलात, पॅट्रिकभाऊ. टेबलाच्या ह्या बाजूला. मी विचारलं, करू? तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने बोलताय असं मला वाटलं.”

“मला भीती वाटली.”

“मलाही वाटत होती.”

चहा आला. किसनने स्वतःच्या हाताने पॅट्रिकला कप दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत उरलेले कपडे वाळत घातले. मग म्हणाला, “टॅक्सी उशिरा मिळत नाहीत इथून. निघा आता.” पॅट्रिक उठला. त्याने हात पुढे केला. किसन बादली उचलून आत गेला होता.

परतीच्या टॅक्सीत, जेबल अलीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती वाळू असते तिथे, पॅट्रिकला रडू फुटलं. शेजारच्या पठाणाने काही न विचारता खिडकीची काच थोडी खाली केली.

शनिवारी तो शैलेंद्रकडे गेला आणि किसनला परत आणा म्हणाला. शैलेंद्रने ते धुडकावून लावलं. “खलास झालंय ते, पॅट्रिक. क्रेन आल्यासुद्धा.” मग पॅट्रिकने किसनची जुनी फाइल काढली. त्यात रिगिंगची परीक्षा पास झाल्याची दोन प्रमाणपत्रं होती, जी बदलीच्या वेळी कुणी बरोबर दिलीच नव्हती. त्याने त्यांच्या प्रती काढल्या, शिक्के मारून घेतले, सोळा वर्षांत किसनच्या हाताखाली एकही माल पडला नाही असं इंजिनियरच्या सहीने लिहून घेतलं, आणि ते सगळं पाकिटात घालून रास अल खोरला जाणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर पाठवलं. ड्रायव्हर म्हणाला पाकीट दिलं. किसनने काय म्हटलं? काही नाही, ठेवून घेतलं.

सात-आठ महिन्यांनी कळलं, की तिथे एक माल उतरवताना घसरला, कुणी मेलं नाही, पण मालक घाबरला आणि त्याने विचारलं, इथे कुणी शिकलेला रिगर आहे का? किसनने ती प्रमाणपत्रं पुढे केली. त्याला रिगर केलं. पगार अकराशेपर्यंत गेला. तेराशे काही झाले नाहीत. गुडघाही बरा झाला नाही. पॅट्रिकने त्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. २००२ साली किसन गावी परत गेला, एवढंच त्याला दुसऱ्याकडून समजलं.

मधल्या काळात, २००१ मध्ये, शैलेंद्रने दुसरी यादी मागितली. ह्या वेळी बावीस नावं. पॅट्रिक म्हणाला, “सर, मी आधी माणसांना विचारतो. कोणाला जायचंय, काय पगारावर जायचंय. जे हो म्हणतील त्यांची यादी देतो.”

“असं नसतं, पॅट्रिक. कुठेच नसतं.”

“काही ठिकाणी असतं, सर.”

शैलेंद्रने दुसऱ्याकडून यादी करून घेतली. पुढच्या महिन्यात पॅट्रिकला टाइम ऑफिसमधून उचलून स्टोअरला टाकलं, जिथे बोल्ट, हातमोजे आणि वेल्डिंगच्या कांड्या वाटायच्या असतात. पगार तोच राहिला, पण हजेरीपत्रकं गेली. ती गेल्याचं त्याला आश्चर्य वाटेल इतकं दुःख झालं. त्याच हिवाळ्यात तिकडे मालकांनी मिळून मॉन्ट्रियलची टीमच बंद करायचं ठरवलं. ते बारगळलं, पण टीम तेव्हापासून धुगधुगी धरूनच होती. पॅट्रिक पेपर वाचायचा, पण स्टोअरच्या खिडकीशी कुणी छेडलं तरी सौद्यांवर तो फारसं बोलायचा नाही. “मला आता तितकंसं कळत नाही त्यातलं,” असं म्हणून तो पावती फाडायचा.

२००४ च्या सप्टेंबरअखेर टीम वॉशिंग्टनला हलवायचं जाहीर झालं. मरिसा तेव्हा मुंबईला कॉलेजात होती. तिने फोन केला.

“पप्पा, दे आर लीव्हिंग. यू ओके?”

“मी बरा आहे. खेळाडूंचंही बरं आहे, त्यांचे करार त्यांच्याबरोबर जातील. त्या स्टेडियमवर तिकिटं फाडणारे, खुर्च्या पुसणारे, त्यांना कुणी काही विचारलं असेल का गं?”

“आय डोन्ट थिंक सो, पप्पा.”

त्याच आठवड्यात दगडू नावाचा बीडकडचा एक वेल्डर स्टोअरच्या खिडकीशी कागद घेऊन आला. त्याला लांब वाळवंटात रुवैसच्या कामावर पाठवत होते, नव्या करारावर. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, स्टोअरमध्ये एक जण वाचून देतो.

पॅट्रिकने चष्मा लावला. “आधी ऐक. मी ह्याच कंपनीचा पगार घेतो. हा कागद वर ऑफिसमध्ये झालाय, तिथली माणसं मी ओळखतो. एकदा मी स्वतः असं काम केलंय. हे लक्षात ठेवून ऐक. आणि सही करायची की नाही ते मला विचारू नकोस. तुझं तू ठरव.”

दगडू बुचकळ्यात पडला. पण त्याने मान हलवली. पॅट्रिकने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि प्रत्येक शब्द सावकाश, मराठीत करून सांगितला. हुद्द्याच्या रकान्यावर तो थांबला आणि दोनदा वाचला. बाहेर माल घ्यायला आलेला ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पॅट्रिकने खिडकीतून हात दाखवून त्याला थांब म्हटलं आणि पान उलटलं.